नूतनला दिसणारा राग

नूतन माणसाशी बोलत नाही, त्याच्या चेहऱ्याशी बोलते. तुम्ही तिला बसची वेळ सांगत असता आणि ती तुमच्या भुवया बघत असते. मध्येच विचारते, "रागावलात का?" एकदा माझ्या घरी बसून तिने मला तासाभरात चारदा विचारलं. चौथ्यांदा मी खरंच रागावले. तर म्हणते, "बघा, मला आधीच कळलं होतं."

ही पेणजवळच्या जोह्याच्या एका गणपती कारखान्यातली थोरली सून. वय एकेचाळीस. मूर्तीचे डोळे काढते. त्याला त्यांच्याकडे आखणी म्हणतात. मी रोह्याला कॉलेजात मानसशास्त्र शिकवत होते तेव्हा अकरावी-बारावीला ती माझ्या वर्गात होती. आता मी निवृत्त होऊन पेणला राहते, आणि ती बाजाराला आली की माझ्याकडे डोकावते. तिच्यावर लिहू का, असं मी तिला सरळ विचारलं. म्हणाली, "लिहा. पण मी जळकी आहे तेही लिहा. नायतर वाचणारे म्हणतील, बिचारी. मला बिचारी नाय व्हायचं."

तेव्हा आधीच लिहून टाकते. नूतन जळकी आहे. पण ती कशावर जळते, ते नीट ऐका. साड्यांवर नाही, दागिन्यांवर नाही.

तिचे वडील केरू खाडीकडच्या मिठागरावर कामाला होते. आई तापाने गेली तेव्हा नूतन पाच वर्षांची होती. मिठागरावर एवढ्या पोरीला कोण बघणार, म्हणून मामा तिला रोह्याजवळच्या अष्टमी गावी घेऊन गेला. मामा कंपनीत, शिफ्टचा माणूस. घरी असला की झोपलेला. घर मामीचं. सगुणामामी. तिची स्वतःची मुलगी अपेक्षा, नूतनपेक्षा सहा महिन्यांनी लहान.

सगुणामामी ओरडायची नाही. ओरडली असती तर शेजाऱ्यांना कळलं असतं. तिचा खालचा ओठ आत जायचा, बस एवढंच. मग पळी, धोपाटणं, जे हाताला लागेल ते. कधी मारायचीही नाही. नूतनच्या पुढ्यातलं ताट उचलायची आणि म्हणायची, "ऱ्हाऊ दे." म्हणजे त्या दिवसाचं जेवण संपलं. कशामुळे, ते सांगायची पद्धत नव्हती. म्हणून नूतन दारातून आत येतानाच मामीचा ओठ बघायला शिकली. पावलं न वाजवता यायचं, आधी ओठ बघायचा, मग ठरवायचं की पाणी मागावं का नाही. सात वर्षांची असताना ती हे काम एखाद्या मुरलेल्या कारागिरासारखं करत होती.

अपेक्षाला यातलं काही करावं लागत नव्हतं. ती जेवताना गुणगुणायची. ताटाकडे बघायची, खिडकीबाहेर बघायची, मांजरीशी बोलायची.

"मला तिच्या फ्रॉकचा हेवा नव्हता, बाई," नूतन मला म्हणाली होती. "फ्रॉक मला पण जुने मिळायचे. तिला मामीच्या तोंडाकडे न बघता जेवता यायचं. त्याचा होता."

हे तिने मला सांगितलं तिशी उलटल्यावर. वर्गात असताना तिने काही सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. भीतीवरचा धडा शिकवताना ती दुसऱ्या बाकावर बसून माझ्याकडे टक लावून बघायची आणि मी समजत होते, मुलगी हुशार आहे, लक्ष देते. मानसशास्त्राच्या बाईंना एवढंच कळलं.

आता थोडं मेंदूबद्दल. कंटाळू नका, मी लांबवणार नाही.

मेंदूत खोल, दोन्ही बाजूंना, बदामाएवढा एक भाग असतो. त्याला अमिग्डाला म्हणतात. समोर धोका आहे का, हे पटकन ठरवण्यात त्याचा मोठा वाटा. ज्या मुलांना घरात मार बसतो, छळ होतो, त्यांच्यातल्या पुष्कळांचा हा भाग रागीट चेहरा दिसला की इतरांपेक्षा जास्त पेटतो, असं संशोधकांना दिसलं आहे. एक साधी चाचणी आहे. एकाच माणसाचा चेहरा पडद्यावर हळूहळू शांत दिसण्यापासून रागीट दिसण्यापर्यंत बदलत नेतात आणि मुलांना विचारतात, राग कधी दिसला ते सांग. मार खाल्लेली मुलं लवकर सांगतात. इतरांना अजून काही दिसत नसतं तेव्हा यांना दिसलेलं असतं. त्या मुलांचं काही चुकत नाही. ज्या घरात राग लवकर ओळखला की मार चुकतो, त्या घरात हीच अक्कल. पंचाईत पुढे होते. घर बदलतं, माणसं बदलतात, पण मेंदूला त्याची नोटीस कोणी देत नाही. आणि दुसरी गोष्ट, जिच्याबद्दल लोक कमी बोलतात. चांगल्या गोष्टी अशांच्या आत तितक्या ठसत नाहीत. कौतुक कानापर्यंत येतं आणि तिथेच उभं राहतं. सगळ्यांचंच असं होतं असं मी म्हणत नाही. नूतनचं झालं.

बाविसाव्या वर्षी लग्न होऊन ती जोह्याला जितेशच्या घरी आली. सासू बायजा. रुंद चेहऱ्याची, मोजकं बोलणारी बाई. बायजाबाईंनी तिला तिसऱ्या महिन्यात आखणीच्या पाटावर बसवलं, कारण त्यांच्या लक्षात आलं की ही पोर चेहऱ्यातला केसभर फरक ओळखते. मूर्तीच्या वरच्या पापणीची रेघ केसभर खाली आली तर देव झोपाळू दिसतो, केसभर ताठ झाली तर डाफरतो. कुठे थांबायचं, हे नूतनला शिकवावं लागलं नाही. राग नेमका कुठे सुरू होतो हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? ती त्याच्या अलीकडे थांबायची. हमरापूरच्या कारखान्यांतूनसुद्धा माणसं तिने आखलेले डोळे बघायला येऊ लागली.

आणि तिने बायजाबाईंचा चेहरा पाठ केला. भुवई अशी म्हणजे चहा हवा, गाल असा म्हणजे मीठ कमी पडलंय. पहिली चार वर्षं ती दचकत होती. मग हळूहळू दचकणं कमी झालं. सोळा वर्षं एकच चेहरा वाचायचा म्हणजे काय थोडं झालं? लग्नानंतर तिला विश्वास टाकता आला तो या एका चेहऱ्यावर. नवऱ्याच्यासुद्धा नाही.

तीन हिवाळ्यांपूर्वी बायजाबाईंना तोंडाचा लकवा झाला. उजवी बाजू उतरली. औषधांनी थोडं सुधारलं, पण डोळा अर्धा उघडा राहिला, भुवई हलेना, आणि खालचा ओठ एका बाजूने आत ओढला गेला. अगदी सगुणामामीसारखा.

पुढच्याच वर्षी धाकटा दीर नितेश याचं लग्न झालं आणि मनाली घरात आली. रोह्याची, बापाची लाडकी. मनालीने सासूचा चेहरा आधी कधी नीट बघितलाच नव्हता, त्यामुळे काही हरवलंय असं तिला वाटायचं कारण नव्हतं. ती बायजाबाईंच्या शेजारी फतकल मारून बसायची, भाकरी कुस्करून द्यायची, त्यांच्या ओठावरून ओघळलेली कालवणाची धार पदराने पुसायची आणि वर बडबडायची.

"आई, तुमचं अर्धं तोंड माझ्याशी भांडतंय आणि अर्धं गप हाय. मी आपली गप असलेल्याशी बोलते."

"गपवाला भाग जास्त वंगाळ हाय गो," बायजाबाई म्हणायच्या. आणि हसायच्या. हसू तोंडावर यायचं नाही, घशातून हुक् हुक् असा आवाज यायचा.

नूतन आखणीच्या पाटावरून हे बघायची. ती बघायची, ऐकायची नाही. तिला दिसायचा तो आत गेलेला ओठ. आणि त्या ओठासमोर बसून मनाली खुशाल खात होती, खिडकीबाहेर बघत होती, मध्येच मोबाइलवर बोटं फिरवत होती.

"हिला मारावं असं वाटायचं, बाई," नूतन सांगते. "तिनं काही केलं नव्हतं. तेच तर. काही न करता तिला मिळत होतं."

मनालीला आखणी येत होती थोडीफार. लहान मूर्तींवर हात बसला होता. तिचे डोळे हसरे यायचे, जरा बेफिकीर. एक दिवस मुंबईचं एक गिऱ्हाईक म्हणालं, "हे कोणी काढलेत? छान आहेत." नूतनने त्याला दुसऱ्या मूर्ती दाखवल्या. त्यानंतर मनालीने डोळे काढलेल्या मूर्ती ती फळीवर मागच्या ओळीत ढकलायची. बारीक ब्रश आपल्या पाटाखाली ठेवायची आणि मनालीने मागितला की म्हणायची, "सगळे धुवायला टाकलेत." मनाली म्हणायची, "बरं वैनी," आणि जाड ब्रशाने काढायची. तेही चांगले यायचे. याचा तर नूतनला जास्तच संताप.

आता त्या घरातली एक रीत सांगायला हवी. कारखान्यात शेकडो गणपती होतात, पण घरच्या गणपतीचे डोळे घरातली थोरली बाई काढते. त्यासाठी एक वेगळा ब्रश आहे. वर्षभर तो देव्हाऱ्यात असतो, एकाच दिवशी बाहेर निघतो. बायजाबाईंना तो त्यांच्या सासूने दिला. तो ब्रश ज्या सुनेच्या हाती जाईल, तिचं घर. कोणी असं बोलून दाखवत नाही, पण सगळ्यांना माहीत असतं. लकवा झाल्यावरही दोन वर्षं बायजाबाईंनी कसेबसे डोळे काढले. यंदा त्यांचा हात थरथरायला लागला. ब्रश कोणाला, एवढाच प्रश्न उरला होता, आणि श्रावण लागल्यापासून नूतनला दुसरं काही सुचत नव्हतं.

चतुर्थीला आठ दिवस असताना सकाळी बायजाबाईंनी हाक मारली, "नूतन, देव्हाऱ्यातला ब्रश आण."

नूतन ब्रश घेऊन आली. मनाली दाराशी मूर्तीवरची धूळ झटकत होती. नूतनने ब्रश पुढे केला. बायजाबाईंनी ब्रशाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. ओठ आत होता. म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे."

नूतनने ब्रश पाटावर ठेवला आणि बाहेर पडली. मागून मनालीचा आवाज आला, "आई, मग मी करू?" उत्तर ऐकायला ती थांबली नाही. रस्त्यावर आली, पेणची बस मिळाली, त्यात बसली.

मी दार उघडलं तर ही समोर. गाऊनवर ओढणी, बोटांना रंग, पायात दोन वेगवेगळ्या चपला.

"काय झालं?"

"ब्रश मनालीला दिला."

"दिला? तिच्या हातात दिला?"

"तसंच ते."

"तसंच म्हणजे काय? मला शब्द सांग. काय म्हणाल्या?"

"ऱ्हाऊ दे म्हणाल्या."

"कोणाकडे राहू दे?"

ती माझ्याकडे बघत राहिली. माझ्या भुवयांकडे.

"नूतन, तुझ्याकडे राहू दे, असाही त्याचा अर्थ होतो. मराठीच बोलता ना तुम्ही घरात?"

"तुम्ही त्यांचं तोंड बघितलं असतंत तर असं नसतं म्हणालात."

"ते तोंड लकव्याचं आहे."

"माहितेय मला." ती खुर्चीत बसली. "डॉक्टरकडे मीच नेलं होतं. ओठ कुठल्या शिरेनं ओढला जातो ते मला चित्र काढून दाखवलंय त्यांनी. रोज सकाळी मी स्वतःला सांगते, हे आजारपण आहे, राग नाय. आणि समोर गेले की हात गार पडतात. माहीत असून काय उपयोग?"

आयुष्यभर मानसशास्त्र शिकवून मला एवढंच ठाऊक. सांगितल्याने पटतं, पण पटल्याने हात गरम होत नाहीत. पण मला गप्प बसवत नाही. मी फोन उचलला, बायजाबाईंना लावला आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवला. निदान चेहरा तरी मध्ये येणार नव्हता.

"कोण, बाई काय?" बायजाबाईंचे शब्द जरा घसरतात, पण कळतात. "ती आलीय नव्हं तुमच्याकडं?"

"आली आहे. ब्रश कोणाला दिलात तुम्ही?"

"कोणाला म्हंजे? थोरलीला. ऱ्हाऊ दे म्हटलं, आता तुज्याजवळच ऱ्हाऊ दे, मला परत कशाला देतेस. तर पाटावर ठेवून चालती झाली. मला वाटलं, नको झालाय तिला. माज्या हातचा ब्रश म्हंजे काय, केस गळलेला. तिच्याकडं चांगले चांगले ब्रश हायत." मग म्हणाल्या, "मी दोन दीस बोलणार नव्हते तिच्याशी."

म्हणजे रुसल्या होत्या. नूतनचा चेहरा वाचायचा गोंधळ त्यांचाही झालाच होता, आणि त्यांना सगुणामामीची सबबही नव्हती.

"हसून सांगायचं होतं," मी म्हटलं.

"कशानं हसू? तोंड तरी ऱ्हायलंय काय जाग्यावर?"

मी नूतनकडे बघितलं. मला वाटलं होतं, ती रडेल, निदान सुटकेचा श्वास टाकेल. तिच्या तोंडावर काहीच आलं नाही. ब्रश तुझाच होता, हे तिच्या सासूने भर दिवसा तिच्यासमोर सांगितलं होतं, आणि ते टेबलावरच पडून राहिलं. मग बायजाबाई म्हणाल्या, "धाकटीनं इचारलं, मी करू काय. म्हटलं कर बाय, कुणीतरी करा. एक डोळा झालाय तिचा." आणि हे मात्र आत गेलं. तत्काळ.

"कुठला?" नूतन उठून उभी राहिली. "उजवा का डावा?"

"उजवा."

"बाई, परतीची बस किती वाजता हाय?"

पुढचं तिने मला नंतर सांगितलं, चतुर्थी झाल्यावर.

ती घरी पोचली तेव्हा गणपती पाटावर होता. एक डोळा मनालीचा, दुसरी जागा कोरी. बायजाबाई खुर्चीत, मनाली दुसरा डोळा काढायचं थांबवून बाजूला बसलेली. फोनवर बोलणं झाल्यापासून बायजाबाईंनी तिला थांबवलं होतं.

"तुजा ब्रश हाय," बायजाबाई म्हणाल्या. "तूच ठरव."

नूतन खाली बसली आणि मनालीने काढलेला डोळा बघितला. बराच वेळ बघितला.

"चांगला होता," ती मला म्हणाली. "वाकडा असता तर बरं झालं असतं. काय सांगू तुम्हाला, असा डोळा मला येत नाय. मी आखते तेव्हा राग कुठे सुरू होतो ते बघून थांबते. तिला ते माहीतच नाय. ती सरळ हसऱ्या डोळ्यापासूनच सुरुवात करते."

"मग? त्याला जोडून दुसरा काढलास?"

"नाय. पुसला."

मला तिचा हा स्पष्टपणा आवडतो. तिने मूर्तीच्या अंगाचा रंग घेतला, मनालीच्या डोळ्यावरून फिरवला, वाळू दिला. सगळ्यांच्या समोर. जितेश म्हणाला, "अगं, झाला होता ना तो?" मग नूतनने दोन्ही डोळे स्वतः काढले. दुपार सरली. ब्रश केस गळलेलाच होता, रेघ धरत नव्हता, तरी काढले. बायजाबाई पूर्ण वेळ समोर बसून होत्या, त्यांच्याकडे तिने एकदाही वर बघितलं नाही.

काम संपवून मान वळवली तर मनाली मागेच उभी. नूतनला तिच्या तोंडावर राग दिसला. यात नवीन काही नाही, तिला दूधवाल्याच्या तोंडावरही दिसतो. तिने नेहमीप्रमाणे विचारलं, "रागावलीस?"

या प्रश्नाला जितेश एकोणीस वर्षं "नाही गं" म्हणतो आहे. मी "नाही" म्हणते. घरात, बाजारात, बसमध्ये सगळे तिला "नाही" म्हणतात, आणि तिला वाटतं, लपवतायत.

मनाली म्हणाली, "व्हय."

नूतनने ब्रश खाली ठेवला.

"रागावले ना. माझा डोळा चांगला होता, वैनी. तुम्हाला पण माहितेय. आणि बारीक ब्रश तुमच्या पाटाखाली असतात, ते पण मला माहितेय. मी काय आंधळी हाय?"

नूतन सांगते, तिचे खांदे आपोआप वर आले. ती वाट बघत होती. कशाची, ते तिला विचारलं तर सांगता येत नाही. मारायला मनालीच्या हातात काही नव्हतं, फक्त धूळ झटकायचं फडकं होतं. मनालीने ते फडकं खांद्यावर टाकलं आणि स्टूल पाटाजवळ ओढलं.

"सोंडेवरचं गंध ऱ्हायलंय. ते मी काढणार. त्याला हात लावायचा नाय, आत्ताच सांगते. आणि चहा टाका जरा, आईंचा पण. तुम्ही नव्हतात तर कोणाला मिळाला नाय."

नूतन उठली. स्वयंपाकघरात जाऊन तिने चहा टाकला. आधण उकळेपर्यंत ती दाराआडून मनालीकडे बघत होती. मनाली मान खाली घालून गंध काढत होती, भुवया आवळलेल्या, अजून रागावलेलीच. चहा दिला तो तिने घेतला, फुंकून प्यायली आणि म्हणाली, "साखर कमी हाय."

"बस?" मी विचारलं. "एवढंच?"

"एवढंच. राग होता, आणि मग चहा झाला. मला हे माहीतच नव्हतं, बाई. मला वाटायचं, राग दिसला की पुढचं ठरलेलं असतं."

आता ती बरी झाली, असं मी लिहिणार नाही. बायजाबाईंसमोर अजून तिचे हात गार पडतात. फरक पडलाय तो एवढाच की ओठाकडे बघून अर्थ काढायच्या आधी ती आता विचारते, "म्हंजे काय? नीट सांगा." बायजाबाई वैतागतात, पण सांगतात. मनालीला ती दिवसातून दोनदा विचारते, रागावलीस का, आणि मनाली कधी हो म्हणते, कधी नाही. नूतनचं म्हणणं, मनालीच्या "नाही"वर तिला हळूहळू भरवसा वाटायला लागलाय, कारण ती "हो" पण म्हणते.

"आणि हेवा?" मी विचारलं. "तो गेला का?"

"तो कुठं जातोय," नूतन म्हणाली. "गंध किती सरळ काढलंय तिनं, बघायला हवं होतंत. आरतीला आलेला प्रत्येक जण आधी तिकडेच बघत होता."